एका निर्णयाचे सहाशे फोटो

तुळशीचे लग्न लागले की यवतमाळ जिल्ह्यातल्या फोटो स्टुडिओंमधला दिवा रात्री विझत नाही. वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवडा, कुठेही जा. दिवसा लग्न आणि रात्री संगणक. लग्नाचे फोटो काढायला एक दिवस पुरतो, ते निस्तरायला आठवडे लागतात, आणि तोवर पुढची तीन लग्ने अंगावर येऊन पडतात. छायाचित्रणाच्या इतिहासाची टिपणे जमवताना अशाच एका स्टुडिओत मी दोन हंगाम बसलो. हे काम वेगाने कसे करता येते, आणि त्या वेगाची किंमत कोण मोजतो, हे दोन प्रश्न मला तिथे मिळाले.

फिल्मच्या रोलमध्ये ३६ फोटो येत. प्रत्येकाचे पैसे पडत, म्हणून निवड कळ दाबण्याआधीच होई. आज दोन कॅमेऱ्यांतून एका लग्नाचे ३,००० फोटो निघाले असे धरू. प्रत्येकावर अवघे २० सेकंद घालवले तरी १६ तास ४० मिनिटे जातात. हात भराभर चालवून हा डोंगर हलत नाही. वेळ बोटांमध्ये जात नाही, ठरवण्यात जातो. म्हणून जलद काम करणारा माणूस ठरवायच्या गोष्टीच कमी करतो.

पहिली पायरी निवडीची. मिटलेले डोळे, हललेले चेहरे, एकाच क्षणाचे सात फोटो आधी बाजूला काढायचे. ही निवड चालू असताना एकाही फोटोची दुरुस्ती करायची नाही, कारण थांबलेली नजर पुन्हा लयीत यायला वेळ घेते. शिवाय रॉ फाईलच्या पोटात कॅमेऱ्यानेच तयार केलेली एक जेपेग प्रत असते. नुसती तीच दाखवणारी सॉफ्टवेअर फोटो झरझर पालटतात. पूर्ण रॉ फाईल उलगडणारी रेंगाळतात. निवडीला ती प्रत पुरेशी असते.

दुसरी पायरी गट पाडण्याची. उरलेल्या, समजा, ६०० फोटोंचे प्रकाशाप्रमाणे गट करायचे : अंगणातली हळद, मांडवातले लग्न, स्टेजवरचे रंगीत एलईडी, रात्रीची वरात. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे सकाळीच जुळवलेली हवीत, नाहीतर मंगलाष्टकांच्या मध्येच वरात घुसते. मग गटातला एक फोटो नीट दुरुस्त करायचा आणि तीच दुरुस्ती सगळ्या गटाला लावायची. २००७ साली आलेल्या लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाईलला हात लागत नाही. ‘उजेड इतका वाढव, पिवळेपणा इतका कमी कर’ अशा सूचनांची यादी तेवढी वेगळी साठते. यादीची नक्कल शेकडो फोटोंना लावायला क्षण पुरतो. अशी आधीच तयार करून ठेवलेली यादी म्हणजे प्रीसेट.

मात्र यादी चुकली तर चूकही तितक्याच वेगाने पसरते. हळदीचेच पाहा. कॅमेऱ्याच्या आपोआप होणाऱ्या रंगजुळणीची सर्वांत साधी रीत असे गृहीत धरते की दृश्यातले सगळे रंग एकत्र केले तर सरासरी करडी यावी. नवरी, करवल्या, साड्या, पाट सारेच पिवळे असले की तिला उजेडच पिवळा वाटतो. ती निळेपणा वाढवते आणि हळद फिकी पडते. उपाय सोपा आहे. कार्यक्रमाआधी त्याच उजेडात करड्या कार्डाचा एक फोटो घ्यायचा आणि त्यावरून सगळ्या गटाचा रंग बांधायचा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका संध्याकाळी स्टुडिओत चालत आले. खेड्यावरून आलेल्या एका नवरीच्या भावाने टेबलावर अल्बम ठेवला आणि म्हणाला, “भाऊ, हे तं आमची बहीण वाटूनच नाही रायली.” तो भांडत नव्हता. त्याने मोबाइलमधला तिचा फोटो अल्बमशेजारी धरला. सावळी, तरतरीत मुलगी अल्बमात पीठ फासल्यासारखी दिसत होती. स्टुडिओवाल्याने मुद्दाम काही केले नव्हते. विकत आणलेला, नवरीसाठी म्हणून मिळालेला प्रीसेट त्याने सगळ्या फोटोंना लावला होता, एवढेच.

चेहरा उजळण्याची खोड संगणकाची नाही. काचेच्या निगेटिव्हच्या काळात रिटचर उतरत्या मेजावर निगेटिव्ह ठेवून टोकदार शिसपेन्सिलीने बारीक ठिपके भरत असे. जिथे शिसे, तिथून कागदावर उजेड कमी पडे आणि छापात ती जागा उजळ येई. गोरेपणा काळ्या पेन्सिलीने यायचा! पुढे रंगीत छपाई आली. १९५० च्या दशकापासून कोडॅकची ‘शर्ली’ कार्डे प्रयोगशाळांत गेली. त्यांवर गोऱ्या बाईचा फोटो असे आणि तिच्या कातडीवरून रंग जुळवले जात. कॅनडातील अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी २००९ साली या कार्डांवर सविस्तर लिहिले. गडद तपकिरी छटा सुधारण्याकडे कोडॅकचे लक्ष गेले त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारी होत्या, असे त्यांनी नोंदवले आहे.

पेन्सिल आणि प्रीसेट यांत फरक एकच, पण मोठा आहे. रिटचरला निदान प्रत्येक चेहऱ्याकडे पाहावे लागे. प्रीसेट कोणाकडेच पाहत नाही. तो कुठल्या तरी दूरच्या उजेडात, कुणाच्या तरी दुसऱ्याच कातडीवर ठरवलेला असतो, आणि इथे उन्हात कापूस वेचणाऱ्या माणसांना लागू होतो.

त्यानंतर स्टुडिओतला क्रम बदलला. उजेड, रंगजुळणी आणि क्रॉप गटाने होतात. त्वचेची छटा प्रीसेटमधून काढून टाकली आहे. अल्बमात जाणारे शे-सव्वाशे फोटो तेवढे एकेक करून पाहिले जातात. लग्नाच्या सकाळी, मेकअपच्या आधी, नवरीचा दारातल्या उजेडात एक साधा फोटो करड्या कार्डासह घेतात आणि दुरुस्ती करताना तो पडद्याच्या कोपऱ्यात उघडा ठेवतात. एका फोटोला एक मिनिट धरले तर सव्वाशे फोटोंना दोन तास पाच मिनिटे लागतात. बाकीच्या कामात वाचवलेल्या वेळेतून हे दोन तास सहज निघतात, आणि वेळ वाचवायचा तो यासाठीच. त्या भावाचा अल्बम पुन्हा छापायला मात्र आठवडा गेला.