पेल्यात दडलेले मीठ

बारामती-इंदापूरकडील वाचकांना क्षारांचे स्फटिक अपरिचित नाहीत. नीरा डाव्या कालव्याखालील एखाद्या पाणथळ शेतावर उन्हाळ्यात चढणारा पांढरा थर आपण पाहिलाच असेल. १८८५ च्या सुमारास कालव्याचे पाणी आले, ऊस आला. जास्तीच्या पाण्याबरोबर जमिनीच्या पोटातील क्षार वर आले. पाणी उडून गेले, क्षार मागे राहिले. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी या खोऱ्यातील खारवट जमिनींवरचा अभ्यास १९१० मध्येच प्रसिद्ध केला होता. (शेतातले ते क्षार म्हणजे सगळे खाण्याचे मीठ नव्हे.)

हीच क्रिया घरी, नातवंडांना सोबत घेऊन घडविता येते. रक्तदाबाच्या रुग्णाने ती एकदा तरी पाहावी, असे माझे मत आहे.

काचेच्या पेल्यात अर्धा कप, म्हणजे सुमारे १०० मिलिलिटर गरम पाणी घ्यावे. त्यात जाडे मीठ थोडे थोडे घालून ढवळत राहावे. सुमारे ३६ ग्रॅम विरघळल्यावर मीठ तळाशी राहू लागते. मग ते पाणी सुती कापडातून गाळावे, पेल्यावर विरळ फडके बांधावे आणि पेला सावलीत, कोणाचा धक्का लागणार नाही अशा जागी ठेवावा. ज्यांचा हात थरथरतो त्यांनी गरम पाणी ओतण्याचे काम घरातील दुसऱ्यावर सोपवावे. काही दिवसांत तळाशी चौकोनी खडे दिसू लागतील. सोडियम आणि क्लोराइडचे कण काटकोनात रचले जातात, म्हणून हा आकार. त्यांतला एक नेटका खडा दोऱ्याला बांधून त्याच पाण्यात लोंबता ठेवल्यास तो हळूहळू वाढतो. उन्हात घाई केली, तर खडा न मिळता नुसता खरवडा मिळतो.

आता गाळलेले ते पाणी आठवून पाहा. दिसायला ते पिण्याच्या पाण्यासारखेच होते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे त्या अर्ध्या कपात आपले सात दिवसांचे मीठ होते. पायांना सूज घेऊन येणारे आजोबा मला ठामपणे सांगतात, ‘डॉक्टर, मी वरून मीठ घेतच नाही.’ ते खरेच बोलत असतात. पण लोणच्याच्या खारात, पापडात, सांडगी मिरचीत आणि फरसाणात मीठ असेच न दिसता बसलेले असते. सैंधवाचा प्रयोग केलात, तरी खडे असेच निघतील, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा रक्तदाबाची काही औषधे चालू असल्यास ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

पेल्यावर ‘पिऊ नये’ अशी चिठ्ठी मात्र आठवणीने चिकटवावी. इतके खारट पाणी लहान मुलाच्या पोटात गेले, तर ते धोक्याचे ठरते. आणि रात्री अंधारात पाणी शोधणाऱ्या आजींनाही त्यातला फरक दिसणार नाही.