डोक्याला मार मैदानात, झळ घराला: अमेरिकन फुटबॉलमधला 'सीटीई' नेमका काय आहे?

विमानतळावर सिक्युरिटी चेक सुरू होता. कर्मचाऱ्यांनी एका धिप्पाड माणसाला बोटातली अंगठी काढायला सांगितली. तो काही ऐकेना. उलट त्याने गेटच्या दिशेने धूम ठोकली. शेवटी सुरक्षारक्षकांना त्याला खाली पाडून धरावं लागलं.

ती अंगठी होती 1971 साली जिंकलेल्या सुपर बोलची. आणि तो माणूस होता जॉन मॅकी, बाल्टिमोर कोल्ट्स टीमचा एकेकाळचा स्टार आणि खेळाडूंच्या युनियनचा माजी अध्यक्ष. त्याला डिमेन्शिया झाला होता. ही अंगठी आपल्याकडून कोणीतरी हिसकावून घेतंय, एवढंच त्याला कळत होतं.

त्याची बायको सिल्व्हिया मॅकी हे सगळं रोज बघत होती. नवऱ्याच्या पेन्शनमध्ये देखभालीचा खर्च भागत नव्हता. म्हणून उतारवयात ती पुन्हा फ्लाइट अटेंडंटच्या नोकरीवर रुजू झाली.

मॅकींच्या घरात जे घडलं, ते अमेरिकेत शेकडो खेळाडूंच्या घरात घडलंय. त्यामागे जे कारण वारंवार समोर येतं, त्याचं नाव आहे सीटीई.

आधी एक गोष्ट क्लिअर करू

इथे फुटबॉल म्हणजे मेस्सी-रोनाल्डोचा फुटबॉल नाही. हा अमेरिकन फुटबॉल. लांबट बॉल, हेल्मेट, खांद्यावर पॅड आणि समोरच्याला अक्षरशः धडक देऊन अडवायचं. यातली सगळ्यात मोठी लीग म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग, थोडक्यात एनएफएल.

सीटीई म्हणजे काय?

पूर्ण नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी. सोप्या भाषेत सांगायचं तर डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या हादऱ्यांमुळे मेंदू हळूहळू खराब होत जाणं.

आपला मेंदू मऊ असतो आणि कवटीत द्रवामध्ये तरंगत असतो. जोरात धडक बसली की डोकं थांबतं, पण मेंदू आतल्या आत हलतो, पिळवटतो. पेशींमधले नाजूक तंतू ताणले जातात. असं वारंवार झालं की 'टाऊ' नावाचं प्रोटीन बिघडतं आणि त्याच्या गुठळ्या मेंदूच्या घड्यांमध्ये, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचायला लागतात.

मग हेल्मेट कशाला असतं? हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं. आतला मेंदू हलायचा थांबवू शकत नाही.

आणि खेळाडू बेशुद्ध पडला तरच धोका, असंही नाही. ज्या धडकांनंतर तो उठून पुन्हा खेळायला लागतो, त्या छोट्या धडकाही साठत जातात. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 266 मृत खेळाडूंचे मेंदू तपासले गेले. खेळण्याची वर्षं जितकी जास्त, तितकी सीटीईची शक्यता जास्त. साधारण दर 2.6 वर्षांनी ती दुप्पट होत होती.

हे उघडकीला कसं आलं?

बॉक्सरना असा त्रास होतो हे डॉक्टरांना 1928 पासून माहिती होतं. फुटबॉलकडे मात्र कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

2002 मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सचा माईक वेबस्टर 50 व्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. चार सुपर बोल जिंकणारा, 'आयर्न माईक' म्हणून ओळखला जाणारा हा माणूस शेवटच्या काळात कधीकधी आपल्या ट्रकमध्ये झोपायचा. संसार मोडला होता, पैसा संपला होता. त्याचा एक मुलगा टीनएजर असतानाच बापाला सांभाळायला त्याच्याजवळ राहायला गेला होता.

मूळचे नायजेरियाचे डॉ. बेनेट ओमालू यांनी वेबस्टरचं पोस्टमॉर्टेम केलं. मेंदू वरून ठीकठाक दिसत होता, पण मायक्रोस्कोपखाली टाऊ सापडलं. 2005 मध्ये त्यांचा पेपर छापून आला. त्यावर एनएफएलच्या मेंदू-दुखापत समितीतल्या डॉक्टरांनी काय केलं? पेपर मागे घ्यावा अशी मागणी केली. विल स्मिथचा 2015 चा 'कन्कशन' हा सिनेमा याच ओमालूंवर आहे.

खेळ आणि सीटीई सारखे आजार यांचा संबंध आहे, हे एनएफएलच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकन काँग्रेससमोर मान्य करायला 2016 साल उजाडलं.

घरच्यांवर काय वेळ येते?

या आजारात फक्त विसरायला होत नाही. चिडचिड, अचानक संताप, नैराश्य, पैशांचे विचित्र निर्णय, असंही बरंच काही दिसतं. हा आजार आहे हे कळायच्या आधी घरच्यांना एवढंच दिसतं की आपला माणूस बदललाय. अनेक घरं तिथेच तुटतात.

त्यात मोठी अडचण म्हणजे सीटीईचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. म्हणजे माणूस जिवंत असताना उत्तर नाही. आणि तो गेल्यावर दुःखात असलेल्या कुटुंबाला विचारलं जातं, मेंदू संशोधनासाठी देणार का?

काही खेळाडूंनी हे आधीच ठरवलं होतं. शिकागो बेअर्सच्या डेव्ह ड्युअरसनने 2011 मध्ये आत्महत्या केली, तेव्हा आपला मेंदू तपासावा असा निरोप मागे ठेवला होता. तपासणीत सीटीई निघाला.

2017 मध्ये बोस्टन युनिव्हर्सिटीच्या डॉ. अॅन मॅकी यांच्या टीमचा अभ्यास आला. एनएफएलच्या 111 खेळाडूंपैकी 110 जणांच्या मेंदूत सीटीई होता. पण थांबा, याचा अर्थ 99 टक्के खेळाडूंना सीटीई होतो असा नाही. ज्यांना लक्षणं दिसली, बहुतेक त्यांच्याच कुटुंबांनी मेंदू दान केले होते.

भरपाई मिळाली का?

हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले. 2015 मध्ये तडजोडीला कोर्टाची मंजुरी मिळाली आणि पुढे 100 कोटी डॉलरपेक्षा जास्त भरपाई मंजूर झाली. पण यात एक मेख होती. सीटीईमुळे मृत्यू झाल्याची 40 लाख डॉलरपर्यंतची भरपाई फक्त त्या मंजुरीच्या आधी गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी. नंतर गेलेल्यांच्या मेंदूत सीटीई सापडला, तरी ती नाही.

दुसरी गोष्ट त्याहून संतापजनक. डिमेन्शिया तपासताना कृष्णवर्णीय खेळाडूंची बौद्धिक क्षमता मुळातच कमी होती असं धरलं जायचं. म्हणजे ऱ्हास झालाय हे सिद्ध करणं त्यांना जास्त अवघड. 2020 मध्ये दोन माजी खेळाडूंनी याविरुद्ध केस केली, तेव्हा कुठे ही पद्धत बंद झाली.

आपल्या फुटबॉलचं काय?

इंग्लंडचा जेफ अॅस्टल हेडरसाठी प्रसिद्ध होता. तो 2002 मध्ये 59 व्या वर्षी गेला. बॉल सतत डोक्याने मारल्याने हा मृत्यू झाला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. पुढे त्याच्याही मेंदूत सीटीई सापडला. त्याची मुलगी डॉन हिने हा विषय अनेक वर्षं लावून धरला. 2020 पासून इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांना ट्रेनिंगमध्ये हेडिंग शिकवायचं नाही, असा नियम आहे.

म्हणून मैदानात डोक्याला मार बसलेलं मूल 'मी ठीक आहे' म्हणालं, तरी त्याला त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

आणि सिल्व्हिया मॅकीचं काय झालं? तिने थेट एनएफएलच्या कमिशनरला पत्र लिहिलं. घरात काय चाललंय ते सगळं त्यात मांडलं. त्यातून 2007 मध्ये डिमेन्शिया झालेल्या माजी खेळाडूंसाठी योजना सुरू झाली, वर्षाला 88 हजार डॉलरपर्यंत मदत. नाव '88 प्लॅन'. 88 हा मॅकीचा जर्सी नंबर होता.

जॉन मॅकी 2011 मध्ये गेला. त्याच्याही मेंदूत सीटीई सापडला.