सव्वा फूट तुमची, सव्वा त्यांची

"खुंटी हलतीय," आत्या फोनवर एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी कोरेगाव गाठलं.

तिच्या माजघरातली ती सागवानी खुंटी भिंतीत खोलवर रुतलेली. तिच्यावर कापडी पिशवी, पिशवीत दळणाचे सुटे पैसे आणि चष्मा. पलीकडे घण पडला की पिशवी झुलायची आणि खुंटीच्या मुळाशी चिमूटभर पांढरी माती गळायची. दिवसभर मी दुसरं काही पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल.

गावठाणातला सहा खणांचा वाडा. आत्याचे यजमान आणि धाकटे दीर यांच्यात वाटणी झाली तेव्हा तीन-तीन खण वाट्याला आले आणि मधली भिंत सामाईक राहिली. भिंत अडीच फुटांची. सव्वा फूट ह्यांची, सव्वा त्यांची, असं वाटणीपत्रात लिहिलेलं. पुतण्याने गेल्या वर्षी आपला हिस्सा विकला. घेणारे तालुक्यातल्याच एका गावचे, नोकरीला साताऱ्यात. आत्याची पहिली काळजी माणसांचीच होती. चौक सामाईक, आड सामाईक. कोण कुठले, मोरीचं पाणी कुठं सोडतील, रात्री-अपरात्री दार वाजवलं तर उघडतील का? मग जुनं घर उतरवायला घेतलं आणि माणसांची काळजी मागे पडून भिंतीची सुरू झाली.

वकिलांनी तिला नीट समजावलं होतं. एकत्र कुटुंबाच्या घरातला हिस्सा परक्याने घेऊन वाटणी मागितली, तर १८९३च्या वाटणी कायद्याने घरच्यांना तो विकत घेता येतो. पण इथे वाटणी कधीच झालेली. उपयोगाचा होता तो १८८२चा सुविधाधिकार कायदा. शेजारच्या जागेचा किंवा बांधकामाचा आधार तुमच्या घराला २० वर्षं बिनतक्रार, अखंड मिळत आला असेल, तर त्या आधारावर हक्क तयार होतो. आत्याने त्यातलं '२० वर्षं' तेवढं धरून ठेवलं होतं. "मला इथं येऊन साठ होत आली," ती म्हणायची.

पलीकडचे मिस्त्री साठीचे. मी चौकातून गेले तेव्हा ते भिंतीवर पाणी मारत होते, धूळ उडू नये म्हणून. भिजल्या पांढरीचा वास सुटला, आणि त्याच्यामागून कित्येक वर्षांच्या चुलीच्या धुराचा. गावाच्या पांढरीची माती तुडवून, पेंढा घालून थापलेले हे भेंडे. एक फुटका भेंडा त्यांनी हातात दिला. आतला पेंढा अजून पिवळा होता.

नव्या मालकाला आपलं सव्वा फूट हवं होतं. त्याचंही चुकत नव्हतं. तीन खणांत जिना बसवायचा तर वीतभर जागाही मोलाची. मिस्त्री म्हणाले, "सव्वा सव्वा कागदावर हाय. मातीत कुठं रेघ मारलीया?" त्यांनी बोट ठेवून दाखवलं. भेंडे आडवे-उभे एकमेकांत गुंतवलेले, काही तर या अंगापासून त्या अंगापर्यंत गेलेले. अर्धी भिंत तासली तर उरलेली अर्धी उभी राहणारच नाही. मालक बराच वेळ बघत राहिला. मग जिना दुसऱ्या बाजूला घ्यायचं ठरलं. त्या क्षणी मी मनाने मिस्त्रींच्या बाजूची झाले, ती अजून आहे.

खरा धोका पायाचा होता. जुन्या भिंतीचे दगड जमिनीत तीन फूट, नवा खड्डा पाच फूट. भिंतीच्या कडेने एकदम चर मारला तर बुडाखालची माती सुटते. मिस्त्रींनी जेसीबी परत पाठवला. भिंतीला तिरके टेकू लावले, पाचरी ठोकल्या. मग कुदळीने चार-चार फुटांचे तुकडे, तेही एक सोडून एक. एक तुकडा काँक्रीटने भरून घट्ट झाल्याशिवाय शेजारचा उघडायचा नाही. रोज सकाळी ओळंबा.

आत्याच्या बाजूला एक जुनी भेग आहे, ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेची. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन आली होती. फडताळातली भांडी अंगावर पडली होती. मिस्त्री आत आले, चपला बाहेर काढून. भेगेवर त्यांनी काचेची पातळ पट्टी आडवी धरली, दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवली, पेन्सिलीने तारीख घातली. "भिंत केसभर जरी सरली तरी काच तडकंल, काकू. मग मला हाक मारा."

त्या रात्री जरंडेश्वराकडून आभाळ भरून आलं आणि वळीव कोसळला. उघडी पडलेली पांढरी भिजली तर विरघळते. पलीकडे पळापळ ऐकू आली. नवा मालक आणि त्याची बायको ताडपत्री ओढत होती. आत्या खिडकीतून ओरडली, "कोपऱ्याची दोरी सुटलीय, तिकडं!" तिने त्यांच्याशी आपणहून बोललेलं मी ते पहिलंच वाक्य ऐकलं. नंतर तासातासाने ती बॅटरी घेऊन काचेपाशी जात होती.

सकाळी काच अखंड होती. मिस्त्रींनी आधीच्या तारखेखाली नवी तारीख लिहिली आणि पुढचा तुकडा उघडायला गेले. पहिली कुदळ पडली तशी खुंटी थरथरली. आत्याने पिशवी काढून मांडीवर घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.