निष्क्रिय वायू आणि धातू

वर्गातील भिंतीवर आवर्तसारणीचा तक्ता असतो. त्याच्या उजव्या कडेला हीलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन ही मंडळी एकाखाली एक उभी दिसतात. हेच निष्क्रिय वायू. यांच्या अणूंची बाहेरची कक्षा इलेक्ट्रॉनांनी पुरती भरलेली; म्हणून कोणाकडून काही घेण्याची वा कोणास काही देण्याची त्यांना गरज नाही. आर्गॉन या ग्रीक नावाचा अर्थच मुळी ‘आळशी’!

१९६२ साली नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग तयार करून दाखविले. परंतु त्यासाठी इलेक्ट्रॉनांचे विलक्षण लोभी असे प्लॅटिनम हेक्साफ्लुओराइड वापरावे लागले. लोखंडासारखे धातू तर एरवी स्वतःच देणारे. घेणारा कोणीच नसेल, तर व्यवहार जमावा कसा?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. विशिष्ट जातीच्या उल्कापाषाणांतील प्रमाणाशी ताडून पाहता आपल्या वातावरणात झेनॉन नव्वद टक्क्यांहून अधिक कमी भरतो. तो गेला कोठे? पृथ्वीचा गाभा मुख्यतः लोखंडाचा व काही अंशी निकेलचा. आणि केंद्राशी दाब वातावरणाच्या सुमारे ३६ लाख पट. अशा दाबाखाली अणू एकमेकांत रेटले जातात व इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या पायऱ्यांचा क्रमच बदलतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या गणितावरून असे दिसले की, तेथे झेनॉनच इलेक्ट्रॉन देऊ लागतो आणि लोखंड ते घेते! एका झेनॉनमागे लोखंडाचे तीन अणू, असे ते संयुग.

२०१८ साली याला प्रयोगाची जोड मिळाली. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये सूक्ष्म नमुना दाबून लेसर किरणांनी तापवितात. हिरा ऐरणीवर ठेवून पारखतात असे आपण ऐकतो. येथे हिराच ऐरण आणि हिराच घण. सुमारे वीस लाख वातावरणांच्या दाबाखाली लोखंड-निकेल व झेनॉन यांचे संयुग क्ष-किरणांच्या साहाय्याने ओळखता आले. अर्थात हरवलेला झेनॉन गाभ्यातच आहे, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. तो फार पूर्वी अवकाशात निसटला, असेही काही शास्त्रज्ञ मानतात.

हीलियमची तऱ्हा निराळी. २०१७ साली सोडियमशी त्याचे संयुग झाल्याचे प्रसिद्ध झाले, पण त्यात हीलियम काही देत नाही की घेत नाही. तो नुसता जागा अडवून बसतो. त्यामुळे सोडियमचे इलेक्ट्रॉन उरलेल्या पोकळ्यांत जोडीजोडीने कोंडले जातात. दाब अकरा लाख वातावरणांच्या खाली उतरला, की हा शेजार टिकत नाही.