फ्लूची मोजदाद आणि लसीचा महिना

आषाढाची झड लागली कीं शहरांतील घराघरांत कोणाला तरी ताप, खोकला आणि अंगदुखी गांठतेच. आल्याचा काढा होतो, कपाळावर ओली पट्टी बसते, आणि चार-पांच दिवसांनीं रोगी पुनः कामाला लागतो. ह्या दुखण्याची नोंद कोठेंच होत नाहीं. परंतु त्याच घरांतील मधुमेही आजोबांना किंवा गर्भवती सुनेला तोच ताप दोन दिवसांत धाप लावतो आणि रुग्णालयाची पायरी चढावयास लावतो. इन्फ्लुएंझाचें उग्र रूप दिसतें तें तेथें. आणि त्याची मोजदाद होते तीहि तेथेंच.

साध्या तापाचे सारे रोगी मोजणें कोणत्याहि राष्ट्राला शक्य नाहीं, आणि त्याची गरजहि नाहीं. शितावरून भाताची परीक्षा होते. मात्र शीत दर वेळीं एकाच रीतीनें उचललें पाहिजे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें तीव्र श्वसनविकाराची व्याख्या ठरवून दिली आहे : गेल्या दहा दिवसांत सुरू झालेला खोकला, ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, अथवा तसा ताप येऊन गेल्याची हकीगत, आणि रुग्णालयांत ठेवण्याची आवश्यकता. नेमलेल्या रुग्णालयांत अशा रोग्यांच्या घशांतील व नाकांतील स्राव घेऊन तो प्रयोगशाळेकडे पाठवितात. शंभर नमुन्यांपैकीं कितींत विषाणू सांपडला, हा आंकडा नदीच्या पुलावरील पाण्याच्या खुणेसारखा असतो. एका दिवसाच्या खुणेला अर्थ थोडा. पण वर्षानुवर्षें तीच खूण पाहत राहिलें म्हणजे पूर केव्हां चढतो हें कळूं लागतें.

१९१८ सालच्या साथीनें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं असा अंदाज आहे. तो अंदाजच राहिला, कारण तेव्हां अशी खूणच नव्हती. माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएंझाचा विषाणू सांपडला तो १९३३ सालीं. १९५२ सालीं त्याच्यावर जगभर पाळत ठेवण्याचें काम सुरू झालें. त्याच सालीं पुण्यांत विषाणूंच्या संशोधनाचें केंद्र स्थापन झालें. तीच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था.

आंकडे हातीं आले तरी ते वाचावयास शिकावें लागतें. २०१५ सालीं भारतांत एच१एन१ ह्या प्रकाराचे ४२,५९२ रोगी आणि २,९९० मृत्यु नोंदले गेले. घाईनें भागाकार करणारा म्हणेल कीं, हा ताप शंभरांतील सात जणांना मारतो. तसें नाहीं. सौम्य रोग्यांची तपासणी सरकारी नियमाप्रमाणें करावीच लागत नाहीं. धाप, छातींत दुखणें, ग्लानि, नखें निळीं पडणें अशीं लक्षणें असलेल्यांचीच प्रामुख्यानें होते. ज्यांना घरच्या घरीं बरें वाटलें ते ह्या गणतींत नाहींत. हा आंकडा रोगाची मारकता सांगत नाहीं. साथ केव्हां उसळली आणि तिचा जोर केवढा, एवढें तो सांगतो.

ह्या गणतीनेंच एक मोठी चूक उघडकीस आणली. लसींत विषाणूचे कोणते प्रकार घालावयाचे हें वर्षांतून दोनदां ठरतें : उत्तर गोलार्धासाठीं फेब्रुवारींत, दक्षिण गोलार्धासाठीं सप्टेंबरांत, कारण लस तयार होण्यास सुमारें सहा महिने लागतात. युरोप-अमेरिकेंत हिवाळ्यापूर्वीं, ऑक्टोबरच्या सुमारास, लस टोंचतात. भारतहि उत्तर गोलार्धांतच. तेव्हां नकाशा पाहणाऱ्याला येथेंहि तोच महिना योग्य वाटेल. पण २००९ ते २०१३ ह्या वर्षांतील नमुन्यांनीं निराळीच गोष्ट सांगितली. श्रीनगरला साथीचा भर जानेवारी ते मार्च, दिल्ली, लखनौ, कोलकाता, नागपूर येथें जुलै ते सप्टेंबर, चेन्नई-वेल्लोरकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर. म्हणजे काश्मीरला ऑक्टोबर ठीक. नागपूरला मात्र तें वरातीमागून घोडें. देशाच्या बहुतेक भागांत लस पावसाळ्याच्या तोंडावर, एप्रिल-मे महिन्यांत, घेणें हिताचें. आणि त्या सुमारास हातीं येते ती दक्षिण गोलार्धाची नवी लस.

तथापि विषाणू पंचांग पाळीत नाहीं. २०१५ सालची साथ जानेवारी ते मार्च ह्या महिन्यांतच भडकली होती. म्हणून एकदां मोजून स्वस्थ बसतां येत नाहीं.

लस हें अभेद्य कवच नव्हे. तिचा प्रभाव सुमारें दोन आठवड्यांनीं सुरू होतो व कांहीं महिन्यांनीं ओसरूं लागतो. विषाणूहि रूप बदलतो. म्हणून ती दर वर्षीं घ्यावी लागते. तरीहि ज्यांना ह्या तापाचें भय अधिक, त्या गर्भवती, वृद्ध, लहान मुलें, मधुमेह, दमा किंवा हृद्रोग असलेलीं माणसें आणि रोग्यांची शुश्रूषा करणारे ह्यांना ती रुग्णालयाच्या खाटेपासून पुष्कळदां दूर ठेवते. सहा महिन्यांखालील अर्भकाला लस देतां येत नाहीं. त्याला आईनें गर्भारपणीं घेतलेल्या लसीचाच आधार.

सार्वत्रिक लसीकरणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत ह्या लसीचा समावेश नसल्यामुळें निर्णयाचा भार बव्हंशीं कुटुंबांवरच पडतो. पावसाळ्यापूर्वीं छपराची कौलें चाळण्याची रीत जुनी आहे. घरांतील म्हाताऱ्याकोताऱ्यांची आणि दोन जिवांच्या सुनेची लस त्याच दिवसांत डॉक्टरांना विचारून उरकली, तर रुग्णालयांतून गोळा झालेल्या त्या दुःखद आंकड्यांचें चीज झालें असें म्हणतां येईल.