हाकेला ओ देताना

मराठीत ‘देवाचं बोलावणं आलं’ म्हटलं की ऐकणारा विचारतो, ‘कधी नेणार?’ ख्रिस्ती माणसाची इथे पंचाईत होते, कारण त्याच्या श्रद्धेत देवाचं बोलावणं जिवंतपणी येतं. मराठी बायबलने त्यासाठी ‘पाचारण’ असा भारदस्त शब्द वापरला आहे. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे ‘क्लेसिस’, आणि त्याचा अर्थ अगदी साधा आहे : हाक. मंडळीसाठी वापरलेला ‘एक्लेसिया’ हा शब्दही त्याच धातूतून आला. तरीही ‘देवाने मला कशासाठी जन्माला घातलं?’ असा प्रश्न पडला की ही हाक बाजूला राहते आणि तिच्या जागी भलत्याच समजुती येऊन बसतात.

गैरसमज : देवाची योजना म्हणजे आधीच लिहून ठेवलेलं

हा खास आपल्याकडचा. सटवाई बाळाच्या कपाळावर लिहून जाते आणि मग ते टळत नाही, ही कल्पना आपल्या हाडीमाशी इतकी भिनली आहे की धर्म बदलला तरी ती मुक्काम हलवत नाही. मग ‘माझ्यासाठी देवाची योजना काय?’ हा प्रश्न पत्रिका दाखवल्यासारखा विचारला जातो.

विधिलिखिताला नकार देता येत नाही, हाकेला मात्र देता येतो. निनवेला जा असं देवाने सांगितल्यावर संदेष्टा योना उलट दिशेच्या तर्शीशच्या जहाजात बसला. येशूने बोलावलेला श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला आणि येशूने त्याला अडवलं नाही. देवाचं सर्वज्ञपण आणि माणसाचं स्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालायचा, यावर ख्रिस्ती पंथांत शतकानुशतकं वाद चालू आहेत. पण ओ द्यायची की नाही हे माणसाला ठरवावं लागतं, ही गोष्ट या कथांमधून पुसता येत नाही.

गैरसमज : पाचारण फादरना, सिस्टरना आणि पाळकांना असतं

‘तो सेवेत गेला’ असं आम्ही म्हणतो तेव्हा तो धर्मगुरू झाला एवढाच अर्थ घेतो. म्हणजे शाळेत शिकवणारी आणि एसटी चालवणारा बहुधा सेवेबाहेर! पौल तंबू शिवून पोट भरत होता आणि करिंथमध्ये अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याकडे राहिला तोही त्यांचा धंदा एकच होता म्हणून. १५२० मध्ये मार्टिन ल्यूथरने मांडलं की पाद्री आणि चांभार यांच्यात काम वेगळं आहे, पायरी वेगळी नाही. पाचारणासाठी त्याने वापरलेला ‘बेरूफ’ हा शब्द आजही जर्मन भाषेत ‘व्यवसाय’ याच अर्थाने चालतो. कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ च्या ‘लुमेन जेन्शियुम’ या दस्तऐवजात, पावित्र्याचं पाचारण सर्वांनाच आहे हे स्पष्ट केलं.

इथे आपल्या समाजात एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. ज्या अवस्थेत पाचारण झालं तिच्यात राहावं, असं पौल करिंथकरांना लिहितो. हे वाक्य सुटं काढलं तर जातीच्या धंद्याला चिकटून राहण्याचा उपदेश वाटेल. पण लगेच पुढे तो दासाला सांगतो की मोकळं होता येत असेल तर तू ती संधी घे.

गैरसमज : यिर्मयाचं ते वचन माझ्या नोकरीबद्दल आहे

यिर्मया २९:११ हे वचन कितीतरी ख्रिस्ती घरांत भिंतीवर असतं. देवाचे संकल्प हिताचे आहेत, असा त्याचा भाव. परीक्षा, व्हिसा, लग्न, सगळीकडे ते लावलं जातं. मराठी वाचकाला तर यातली खोच सहज पकडता यायला हवी. मराठी बायबलमध्ये देव एकट्या माणसाला ‘तू’ म्हणतो. त्याच्या तोंडी ‘तुम्ही’ आलं की तिथे अनेकजण आहेत असं समजावं. ते आदरार्थी नाही. हे वचन ‘तुम्हां’ला उद्देशून आहे : इ.स.पूर्व ५९७ मध्ये बाबेलला पकडून नेलेल्या यहुद्यांना. हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटकेची हमी देत होता. हे वचन ज्यात आहे त्या पत्रात यिर्मयाने सत्तर वर्षं कळवली. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांच्या हयातीत परतणं नव्हतंच. तोवर काय करायचं? घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या परक्या शहरात आहात त्याचं भलं पाहा.

गैरसमज : खरं पाचारण एकदाच, लख्खपणे कळतं

दिमिष्काच्या वाटेवर पौलाला प्रकाश दिसला, त्यामुळे सगळ्यांनाच प्रकाशाची अपेक्षा असते. पण एस्तेरच्या पुस्तकाच्या हिब्रू संहितेत देवाचं नावसुद्धा नाही. त्यात राणी झालेल्या एका अनाथ मुलीला तिचा चुलतभाऊ विचारतो की अशाच वेळेसाठी तू इथे पोचली नसशील कशावरून, आणि ती जिवावर उदार होऊन राजापुढे जाते.

आपल्या जवळचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८८२ मध्ये त्यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे स्त्री डॉक्टरांची गरज मांडली आणि पुढल्या वर्षी वैद्यक शिकायला स्वतःच इंग्लंड गाठलं. तिथे त्यांना ऐकू कमी येऊ लागलं आणि वैद्यकाचा रस्ता बंद झाला. त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही सगळं उजळलं असं नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, अशी कबुली त्यांनी नंतर स्वतःच दिली आणि त्या दोहोंमधलं अंतर सुमारे आठ वर्षांचं सांगितलं.

दरम्यान त्या चेल्टनहॅमला संस्कृत शिकवत होत्या. १८८६ मध्ये डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिल्या. पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली, बोस्टनमध्ये मदतीची संस्था उभी राहिली. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक विधवा होती. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून मुली घेऊन आल्या आणि पुण्याजवळ केडगावला त्यांनी उभारलेली मुक्ती वसाहत वाढली. त्यांच्या किशोरवयात त्यांचे आईवडील दुष्काळातच गेले होते. ही मदत करायला कुठल्या आकाशवाणीची गरज होती, असं मला वाटत नाही.

मग वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्यांनी नवंच काम अंगावर घेतलं : साध्या बाईला कळेल अशा मराठीत मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल. भाषा शिकण्यापासून सुरुवात होती. खिळे जुळवायला आणि छापायला केडगावच्याच बायका होत्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. ग्रंथ बाहेर पडला १९२४ मध्ये.