खोक्यावरचे बाराशे, लॅपटॉपमधले बहात्तर

राउटरच्या खोक्यावर ठळक छापलेला ‘एसी १२००’ हा आकडा बेरजेचा असतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात सेकंदाला ३०० मेगाबिट, ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ८६७. बेरीज ११६७, ती फुगवून बाराशे. लॅपटॉप मात्र त्या राउटरशी एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडला जातो. त्यामुळे बाराशेचा वेग घरातल्या एकाही लॅपटॉपच्या वाट्याला येत नाही. खोटं काही छापलेलं नाही, पण गिऱ्हाइकाची समजूत काय होणार हे छापणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं.

खरी मेख लॅपटॉपच्या पोटात आहे. ८६७ गाठायला दोन्ही टोकांना दोन-दोन अँटेना लागतात. लॅपटॉपच्या वाय-फाय कार्डाला एकच असेल, तर आकडा तिथेच ४३३ वर येतो. आणि कार्ड २००९ च्या ‘८०२.११एन’ मानकाचं, एका अँटेनाचं, फक्त २.४ वर चालणारं असेल (स्वस्त लॅपटॉपमध्ये बरीच वर्षं असलीच कार्डं बसवली जात होती), तर नेहमीच्या २० मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या चॅनेलवर कमाल वेग ७२! राउटर कितीही महागाचा आणा, या लॅपटॉपच्या यादीत ५ गिगाहर्ट्‌झचं नेटवर्क उमटणारच नाही. नेटवर्कच्या नावापुढे ‘५जी’ लिहिलेलं असतं ते हेच. मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही.

तरीही पंधरा वर्षांचा लॅपटॉप आजच्या राउटरला जोडला जातो, याचंच मला जास्त नवल वाटतं. ‘८०२.११’चं पहिलं मानक १९९७ चं, वेग २ मेगाबिट. मग बी, ए, जी, एन, एसी, एएक्स अशी अक्षरांची रांग लागली. ग्राहकांचा गोंधळ पाहून वाय-फाय अलायन्सने २०१८ मध्ये त्यांना क्रमांक दिले: एन म्हणजे वाय-फाय ४, एसी म्हणजे ५, एएक्स म्हणजे ६. नावं बदलली, पण जुन्याला सांभाळून घेण्याची रीत कायम राहिली.

आजचा वाय-फाय ७ चा राउटर हवेत पॅकेट सोडतो, तेव्हा सुरुवातीचे २० मायक्रोसेकंद तो १९९९ च्या ‘८०२.११ए’ची भाषा बोलतो. पहिल्या १६ मायक्रोसेकंदांत ठरावीक खुणा, ऐकणाऱ्याने सूर जुळवून घ्यावा म्हणून. उरलेल्या चारांत छोटीशी नोंद: पुढचा मजकूर अमुक वेगाने येतो आहे, अमुक लांबीचा आहे. गंमत अशी की या नोंदीत वेग नेहमी ६ मेगाबिट लिहिलेला असतो, आणि ती चक्क थाप असते. खरा मजकूर शेकडो मेगाबिटने जाणार असतो. पण लांबीचा आकडाही त्याच बेताने लावलेला असल्यामुळे जुन्या लॅपटॉपने भागाकार केला की उत्तर बरोबर येतं: हवा इतका वेळ अडलेली आहे. मजकुरातलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण गप्प किती वेळ बसायचं तेवढं कळतं. ही नोंद नसती, तर दुरून येणारा क्षीण सिग्नल त्याला नुसता गोंगाट वाटला असता आणि तो मध्येच बोलू लागला असता. (त्याहून जुन्या, ‘बी’च्या यंत्रांना हीसुद्धा भाषा येत नाही. त्यांना गप्प करायला २.४ च्या पट्ट्यात आधी वेगळा निरोप धाडावा लागतो.)

ही अदब स्वस्त नाही. नेहमीचं पॅकेट १५०० बाइटचं. ८६७ च्या वेगाने ते हवेतून जायला सुमारे १४ मायक्रोसेकंद पुरतात. म्हणजे मजकुरापेक्षा प्रस्तावना लांब! म्हणून ‘एन’पासून अनेक पॅकेटं एकाच प्रस्तावनेमागे बांधून पाठवण्याची सोय झाली. ती नसती, तर नुसत्या अँटेना वाढवून काही हाती लागलं नसतं. प्रस्तावना गाळून थेट मुद्द्यावर येण्याची मुभाही ‘एन’मध्ये होती. ती फारशी कुणी वापरली नाही आणि ‘एसी’मध्ये काढून टाकली गेली, हे बरंच झालं.

दुसरा खर्च वेळेचा. हवा सगळ्यांची मिळून एकच, आणि एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं. तेच १५०० बाइट १ मेगाबिटच्या वेगाने पाठवायला १२,००० मायक्रोसेकंद लागतात. तेवढा वेळ बाकीचे ताटकळत बसतात. पंगतीत एक जण सावकाश जेवणारा असला की साऱ्यांचंच उठणं लांबतं, तसं. हा सावकाश जेवणारा जुना प्रिंटर असू शकतो, किंवा तीन भिंतींपलीकडचा नवाकोरा लॅपटॉपही.

आता हे जमवून घेणं कुठे फसतं ते पाहू. वाय-फाय ६ चे राउटर बाजारात आले, तेव्हा इंटेलच्या काही जुन्या कार्डांना त्यांचं नेटवर्क दिसेना. राउटर ठीक, कार्डही ठीक, जुना ड्रायव्हर अडखळत होता. तो बदलल्यावर काम झालं. दुसरी अडचण देशोदेशींच्या नियमांची. २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल चालतात, अमेरिकेत सहसा ११. न्यू जर्सीहून आणलेला लॅपटॉप घरचं वाय-फाय दाखवत नसेल, तर राउटर १२ किंवा १३ वर तर बसलेला नाही ना, हे आधी बघा. तिसरी सुरक्षेच्या सेटिंगमधली: तिथे जुनं ‘डब्ल्यूईपी’ किंवा ‘टीकेआयपी’ निवडलेलं असेल, तर मानकाच्या नियमानुसारच वेग ५४ च्या वर जात नाही.

तेव्हा राउटरच्या दुकानात जाण्याआधी लॅपटॉपच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खाली कार्डाचं नाव वाचा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्याचे पट्टे आणि अँटेना किती ते पाहा. कार्ड फक्त २.४ चं निघालं, तर ते बदला किंवा यूएसबीचं अडॅप्टर घ्या. नव्या राउटरवरचे पैसे तूर्त वाचतील.